पस्तिशीनंतरची पदवी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रं अशी आहेत, की चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. पहिलं पत्र मिरजेकडच्या एका सिस्टरचं. जी.एन.एम. होऊन त्यांना चौदा वर्षं झाली. वय सदतीस, थोरला मुलगा नववीत. त्या लिहितात, "ताई, वॉर्डात माझ्या मागून आलेल्या पदवीवाल्या मुली पुढे निघून गेल्या. मला पोस्ट बेसिकला जायचंय. पण हे म्हणतात, आता या वयात काय करायचंय शिकून? घर चाललंय ना नीट?"

दुसरं पत्र वर्ध्याकडचं. बी.ए. होऊन सोळा वर्षं झाली. बचत गटाचे हिशेब लिहिता लिहिता गटातल्या बायका घरची दुखणी सांगू लागल्या. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीला सासरी नांदवत नाहीत. "मी ऐकते, रडते, आणि मग काय करायचं ते मला कळत नाही," असं त्या लिहितात. त्यांना एम.एस.डब्ल्यू. करायचंय. सासूबाईंनी फक्त एकच विचारलं, "आणि पोळ्या कोण लाटणार?"

मैत्रिणींनो, या दोन्ही प्रश्नांवर रागावण्यात अर्थ नाही. 'कशासाठी' आणि 'घरचं कोण बघणार' हे प्रश्न संसारातले खरेच प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर आपल्यापाशी तयार असलं, तर निम्मी वाट तिथंच सरते. आणि उत्तर आपल्यापाशीच नसेल, तर घरच्यांना तरी बोल कसा लावायचा?

आधी 'या वयात' या शब्दांचं बघू. आपल्याकडे बायकांच्या शिक्षणाची सुरुवात लहान मुलींइतकीच मोठ्या बायकांपासूनही झाली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, ते प्रौढ बायका, विधवा, संसारी स्त्रिया यांना हाताशी धरून. नर्सिंग हे त्या काळी हलकं काम समजलं जाई. घरंदाज बाईनं परक्या माणसाची शुश्रूषा करायची हे लोकांना सोसत नसे. अशा वेळी सेवासदनानं बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं. नागपूरच्या कमलाताई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या, नर्सिंग शिकल्या, आणि १९२१ साली त्यांनी मातृसेवा संघ काढला. बाळंतिणींच्या सेवेपासून सुरू झालेल्या त्या कामातून पुढे समाजकार्य शिकवणारी संस्थाही निघाली. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केलं तेव्हा ते स्वतः अठ्ठावन्न वर्षांचे होते. तेव्हा सदतीस म्हणजे काही फार उशीर झाला असं मुळीच नाही.

सिस्टर, तुमच्यासाठी

नर्सिंगच्या पायऱ्या कुठल्या, हे घरच्या माणसांना पुष्कळदा ठाऊक नसतं. म्हणून थोडक्यात सांगते. ए.एन.एम. ही पहिली पायरी, दोन वर्षांची. त्यावर जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंग केलं, तर चार वर्षं. आणि जी.एन.एम. झालेल्या सिस्टरला जी दोन वर्षांत पदवी मिळते, ती पोस्ट बेसिक बी.एस्सी. तिला बारावी पास, जी.एन.एम. पास, आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदणी, एवढं लागतं. म्हणजे ही पदवी तुमच्यासारख्यांसाठीच आखलेली आहे. वर्गात तुम्ही एकट्याच मोठ्या असाल ही भीती काढून टाका.

पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, माता आणि बाल परिचर्या, मेडिकल-सर्जिकल असे विषय असतात. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामाजिक आरोग्य, मनोरुग्णांची परिचर्या, आणि त्याबरोबर शिकवणं, प्रशासन व संशोधन यांची तोंडओळख. शेवटचे तीन विषय नीट लक्षात ठेवा, कारण यजमानांच्या 'कशासाठी'चं उत्तर त्यात आहे. चौदा वर्षं तुम्ही सलाईन लावलंत, टाके पाहिलेत, रात्री जागवल्यात. पण वॉर्ड चालवणं आणि नव्या मुलींना शिकवणं ही वेगळी विद्या आहे, आणि वरच्या जागा त्या विद्येच्या आहेत. पुढे एम.एस्सी. करायची झाली, तर पदवीला ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. अनुभव तर तुमच्यापाशी पोतंभर आहे. एम.एस्सी. झाल्यावर नर्सिंग कॉलेजात शिकवण्याचा रस्ता मोकळा होतो. पन्नाशीनंतर गुडघे दुखू लागले, की रात्रपाळीपेक्षा फळा-खडू बरा वाटतो. हा हिशेब यजमानांपुढे मांडून पाहा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. पदवी झाली की पगार वाढतोच, असं सगळीकडे नाही. मोठ्या इस्पितळांत आणि शिकवण्याच्या जागांवर तिला मोल आहे. चार खाटांच्या खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणतील, "छान झालं," आणि पगार तोच ठेवतील. म्हणून आज जिथं आहात तिथं परत जायचंय, की दुसरीकडे, हे आधी ठरवा. सरकारी नोकरीत असाल, तर अध्ययन रजेची सोय नियमांत आहे. ती मागावी लागते, मंजूर व्हावी लागते, आणि परत येऊन नोकरी करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. कार्यालयातल्या बड्या बाबूंकडून तोंडी ऐकू नका. लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या.

राहिला मुलगा. पत्रात तुम्ही लिहिलंय, त्याची दहावी झाली की मग बघू. मी शाळेत अर्धा वेळ शिकवते, त्या अनुभवावरून सांगते. दहावीनंतर बारावी येते. बारावी झाली, की धाकटीची दहावी उभी राहते. मग कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी आजारपण. 'मग बघू'ला शेवट नसतो. आई शेजारी बसून राहिली, म्हणून पोरगं अभ्यास करतं, असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. आई स्वतः पुस्तक घेऊन बसली, की पोरंही बसतात, हे मात्र पुष्कळ घरांत पाहिलंय. शिवाय शिकत असताना तुमची नेहमीची रात्रपाळी सुटते. वॉर्डातले तास असतात, पण ते बहुतेक दिवसाचे. म्हणजे त्याच्या दहावीच्या वर्षी संध्याकाळी आई घरात आजच्यापेक्षा जास्तच असेल. हा मुद्दा घरात अजून कुणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

नव्यानं नर्स व्हायचं असेल तर

अशीही पत्रं येतात, की "माझं वय अडतीस, आता मला नर्स व्हायचंय." त्यांना वाईट वाटलं तरी खरं सांगते. जी.एन.एम.ला आणि चार वर्षांच्या पदवीला भारतीय परिचर्या परिषदेनं सतरा ते पस्तीस अशी वयोमर्यादा घातलेली आहे. चार वर्षांच्या पदवीला बारावीचं विज्ञान लागतं; जी.एन.एम.ला कला शाखेच्या मुलीही चालतात. तेव्हा तिशीत असाल आणि मनात असेल, तर हयगय करू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणून वयाचा नि गुणांचा नियम स्वतः वाचा.

आणि सावधही राहा. गावोगावी 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या लागलेल्या असतात. पांढरा गणवेश देतात, प्रमाणपत्र देतात, फी घेतात. पण त्या प्रमाणपत्रावर कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नाही, तर तुम्ही कायद्यानं नर्स नाही. पुढे पोस्ट बेसिकचा दरवाजाही उघडत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेला एकच विचारा, "भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र कौन्सिलची मान्यता या वर्षाची दाखवा." नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालापासून आहे. नर्सिंगची कॉलेजं बहुतांशी त्याला जोडलेली असतात. महिला विद्यापीठाचं मुंबईतलं नर्सिंग कॉलेज १९६४ पासूनचं, ते त्या विद्यापीठाचं स्वतःचं. यादी विद्यापीठाकडे मिळते. यादीत नाव नसेल, तर पाट्या कितीही मोठ्या असोत, तिथून उठून यावं.

समाजकार्याची वाट

वर्ध्याच्या ताईंची वाट एका बाबतीत सोपी आहे. एम.एस.डब्ल्यू.ला कुठल्याही विषयाची पदवी चालते. आपल्या बी.ए.ला एरवी कुणी विचारत नाही, इथं ती कामाला येते! हे शिक्षण आपल्या राज्याला नवं नाही. १९३६ साली मुंबईत टाटांची संस्था सुरू झाली, तिथून देशातलं समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. १९५५ ला मुंबईचं निर्मला निकेतन, १९६३ ला पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था. आता विदर्भ, खानदेश, मराठवाडा, सगळीकडे जिल्ह्याच्या गावी समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. म्हणजे घर सोडून मुंबईला जायलाच हवं, असं नाही.

'समाजसेवा' आणि 'समाजकार्य' यांत मात्र फरक आहे. अनाथाश्रमात लाडू वाटणं, पूरग्रस्तांना साड्या पाठवणं ही सेवा. ती चांगलीच. समाजकार्य हा अभ्यास आहे. एका माणसाबरोबर कसं काम करायचं, गटाबरोबर कसं, वस्तीबरोबर कसं, कायदा काय सांगतो, माहिती कशी गोळा करायची, संस्था कशी चालते, हे त्यात शिकवतात. दोन वर्षांचा क्रम असतो, आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्गाबाहेर: वस्तीत, इस्पितळात, शाळेत, पोलीस ठाण्यातल्या कक्षात. याला क्षेत्रकार्य म्हणतात. तिथं काय पाहिलं, कोण काय बोललं, आपण काय केलं, याचे अहवाल लिहायचे, आणि ते शिक्षकांपुढे ठेवून बोलायचं. वर्गातल्या तासांपेक्षा हेच जड जातं, आणि खरं शिकणंही इथंच होतं.

संसारी बाईला यात एक फायदा आहे आणि एक अडचण. फायदा असा, की सासर, जाऊ, कर्ज, बाळंतपण, दारू यांतलं काही तिला नव्यानं समजावून सांगावं लागत नाही. बाविशीच्या मुलीपुढे जे बोलायला बाई कचरेल, ते तुमच्यापुढे बोलेल. अडचण ही, की आपल्याला सल्ला द्यायची सवय जडलेली असते. "अगं, थोडं सोसावं," किंवा "सोडून दे त्याला," हे आपल्या जिभेवर तयारच असतं. तिथं पहिल्याच वर्षी शिकवतात, की निर्णय तिचा. तुम्ही ऐकायचं, तिला माहिती द्यायची, कुठं दाद मागता येते ते सांगायचं, आणि तिनं सांगितलेलं बाहेर कुठं बोलायचं नाही. वर्ध्याच्या ताई लिहितात, "मी ऐकते, रडते, आणि मग काय करायचं कळत नाही." ताई, त्या 'मग'चंच हे शिक्षण आहे. तोवर एवढं तरी करा, की एकीची गोष्ट दुसरीला सांगू नका, आणि जिला मारहाण होते तिला 'नांद' म्हणून परत पाठवू नका. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. त्यांचं कार्यालय कुठं आहे ते विचारून ठेवा.

पुढे काम कुठं मिळतं? सरकारी आणि मोठ्या इस्पितळांत समाजसेवा अधीक्षक असतात. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९४६ सालीच असं पद आलं होतं. टाटांच्या संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, नंतर तसे कक्ष राज्यभर पसरले. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक लागतात. शाळांना समुपदेशक हवे असतात, आणि कितीतरी संस्था आहेत. यांतली पुष्कळ कामं कंत्राटी असतात, आणि पगार बेताचा, हेही ऐकून ठेवा.

रोज महाविद्यालयात जाणं जमण्यासारखं नसेल, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं एम.एस.डब्ल्यू. आहे. वयाची अट नाही. कमीत कमी दोन वर्षांत आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरं करता येतं. पुस्तकं इंग्रजी-हिंदीत असतात. पण क्षेत्रकार्य इथंही चुकत नाही. घरी बसून पुस्तक वाचून समाजकार्य येत नाही, जसं पुस्तक वाचून पोळी फुगत नाही.

कागदपत्रांचं गाठोडं

यात बायका सर्वांत जास्त अडतात. दहावी-बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावानं, आधार कार्ड सासरच्या नावानं, बँकेचं पुस्तक तिसऱ्याच नावानं! अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे ध्यानात येतं आणि डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा आत्ताच एक पिशवी करा. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या गुणपत्रिका, पदवी, विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद ठेवा. अधिवासाचा दाखला काढून ठेवा. जातीचा दाखला आणि पडताळणी लागणार असेल, तर ती माहेरच्या नावावरून होते. म्हणून वडिलांचे, काकांचे कागद भावाकडून आत्ताच मागवा. मधल्या वर्षांत शिक्षण खंडित झालं, त्याचं गॅप सर्टिफिकेट म्हणजे प्रतिज्ञापत्र पुष्कळ ठिकाणी मागतात. सिस्टरांनी कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते पाहावं. मुदत टळून गेलेली असली, तर ते काम सर्वांत आधी.

आणि पोळ्या?

आता सासूबाईंचा प्रश्न. "मी सगळं सांभाळून करीन," असं वचन चुकूनही देऊ नका. पहिले दोन महिने जमतं, तिसऱ्या महिन्यात ताप येतो, आणि मग सगळे म्हणतात, "सांगत नव्हतो?" त्यापेक्षा आठवड्याची कामं कागदावर मांडा आणि प्रत्येक कामापुढे नाव घाला. क्षेत्रकार्याच्या दोन दिवशी सकाळच्या पोळ्या बाहेरून घ्याव्यात किंवा पोळ्यांना बाई लावावी. तिचा पगार शिक्षणाच्या खर्चात धरावा. भाजी चिरणं, कुकर लावणं, डबे भरणं नववीतल्या मुलाला येतं. येत नसेल, तर शिकवावं. त्याच्या बायकोचा दुवा मिळेल. यजमानांकडे एक काम पुरतं सोपवावं, 'मदत' म्हणून नको. संध्याकाळची आमटी त्यांची म्हणजे त्यांची, मग ती कधी खारट का होईना.

रविवारी दोन तास काढून शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं-लसणाची चटणी, मेतकूट, भाजणी, चिंचेचा कोळ असं करून ठेवलं, की आठवडा हलका जातो. परीक्षेच्या दिवसांत पिठलं-भात आणि मुगाची खिचडी यांना कमीपणा मानू नये. सणावारांचं मात्र आधी बोलून ठेवा. गौरी-गणपतीत परीक्षा आली, तर पुरणाचा स्वयंपाक या वर्षी जावेकडे, पुढच्या वर्षी दुप्पट आपल्याकडे, असं मोकळेपणानं सांगितलेलं बरं. आणि सासूबाईंना विश्वासात घ्या. ज्या बाईला स्वतःला शिकायला मिळालं नाही, तिच्या प्रश्नात पोळ्यांपेक्षा वेगळं काहीतरी दडलेलं असू शकतं. त्यांना एकदा विचारा तरी, "तुम्हाला काय शिकायचं होतं?"

पैशांचा हिशेबही असाच लिहून काढा. फीच्या आकड्यावर थांबू नका. गणवेश, पुस्तकं, झेरॉक्स, एस.टी.चा पास, क्षेत्रकार्याचा प्रवास, अहवालांचं टंकलेखन, आणि नोकरी सुटणार असेल तर दोन वर्षांचा बुडणारा पगार, हे सगळं मांडा. शासकीय आणि खासगी संस्थांच्या फीत मोठा फरक असतो. दागिने गहाण टाकून फी भरण्याआधी शासकीय जागेसाठी एक वर्ष नेटानं प्रयत्न करून पाहावा.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तान्हं मूल असेल, किंवा नुकतंच मोठं कर्ज काढलेलं असेल, तर एखादं वर्ष थांबण्यात हार नाही. पण त्या वर्षातही रिकामं बसू नका. दोघींनाही इंग्रजी जड जाणार आहे, हे मी आजच सांगते. पोस्ट बेसिकची पुस्तकं इंग्रजीत असतात, समाजकार्याचीही पुष्कळशी. रोज पाच पानं वाचा, अडलेले शब्द वहीत उतरवा, पुढे त्यांचा मराठी अर्थ लिहा. वर्षभरात जाड वही भरेल, आणि वर्गात पहिल्या दिवशी गांगरायला होणार नाही.

प्रवेशाच्या जाहिराती साधारण उन्हाळ्यात येऊ लागतात. बी.एड., डी.एड. किंवा अंगणवाडी प्रशिक्षणाबद्दल ज्यांनी विचारलंय, त्यांची पत्रंही माझ्याजवळ आहेत; ती पुढच्या वेळी घेऊ. ज्या मैत्रिणींनी पस्तिशीनंतर पदवी पुरी केली असेल, त्यांनी घरातल्या कामांची वाटणी कशी केली होती, तेवढं एका पानात लिहून पाठवावं. मिरजेच्या आणि वर्ध्याच्या ताईंना त्याचा माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोग होईल.